मोटारीचे कापडी छत

आपल्या जुन्या वाड्यांतून दिवाणखान्याच्या तक्तपोशीखाली पांढरे कापड ताणून बांधण्याची चाल होती. त्या कापडालाही छतच म्हणत. वरच्या माळवदाची माती, लाकडाचा भुसा, एखादी चुकलेली पाल, जे काही पडायचे ते त्या कापडात पडे आणि खाली लोडाला टेकून बसलेल्या पाहुण्याला त्याचा पत्ता लागत नसे. दिवाळीच्या आधी ते सोडायचे, झटकायचे, धुवायचे आणि चौघांनी चार कोपरे धरून पुन्हा ताणायचे. इंदुरात ज्यांचे बालपण अशा वाड्यांत गेले त्यांना कोपरा धरून उभे राहिल्याचे आठवत असेल. मी स्टुलावर चढून उभा राही आणि नेमका माझाच कोपरा सैल राही.

जुन्या मोटारींनाही असेच कापडी छत असे. बाहेरून दिसतो तो पत्रा. आत बसल्यावर डोक्यावर दिसते ते ताणून बसवलेले कापड. हल्लीच्या गाड्यांत साच्यातून काढलेला एक अखंड पुठ्ठा असतो, त्याला पातळ फोम आणि कापड चिकटवलेले असते, आणि तो पुठ्ठा जसाच्या तसा पत्र्याखाली अडकवतात. पूर्वी तसे नव्हते. पत्र्याखाली एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत बारीक पोलादी सळ्यांच्या कमानी असत. कापडाच्या पाठीवर, परकराला असतो तसा नेफा शिवलेला असे. नाडीच्या जागी त्यातून कमान ओवायची, कमानीची टोके दोन्हीकडच्या भोकांत बसवायची आणि मग कापड चारी बाजूंनी ओढून काठाला पक्के करायचे. मोटारीचे हूड आणि कुशन शिवणारे कारागीर याला 'लायनिंग' म्हणतात. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीत जे बसले आहेत त्यांना डोक्यावरची ती फुलाफुलांची भडक प्लॅस्टिके आठवतील. ती टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

इंदूर आणि मोटार हे दोन शब्द एकत्र आले की शौकीन लोक महाराजा यशवंतराव होळकरांच्या डूसेनबर्गविषयी बोलू लागतात. १९३५ सालची ती अमेरिकन गाडी, तिचा सांगाडा लंडनच्या गर्नी नटिंग यांनी बांधलेला, रंग केशरी आणि काळा. पण ती पडली दोघांपुरती, टप पाडून फिरायची उघडी गाडी. आमच्या विषयात तिला जागा नाही. आमची गाडी वकिलाची होती.

ती १९५१ सालची मॉरिस मायनर. वडिलांनी १९५८ मध्ये दुसऱ्या हाताने घेतली. अलेक इसिगोनिस या इंजिनिअराने आखलेली ही छोटी गाडी १९४८ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात आली आणि १९७१ पर्यंत निघत राहिली. सोळा लाखांहून अधिक निघाल्या. हिंदुस्तान मोटर्सने आपल्याकडे हिलाच 'बेबी हिंदुस्तान' म्हणून आणले. आमच्या गाडीची पुढची काच दोन सपाट तुकड्यांची, मधे उभी पट्टी. आतले छत फिकट राखी लोकरी कापडाचे. वडील उंच होते आणि घराबाहेर पडताना काळी टोपी घातल्यावाचून पडत नसत. वर्षानुवर्षे ती टोपी छताला घासून चाकामागच्या बैठकीवर तळहाताएवढा काळसर डाग पडला होता. आई म्हणे, टोपी काढून चालवावी. वडील म्हणत, कोर्टात जाताना उघड्या डोक्याने कसे जायचे? डाग वाढत गेला.

वडील १९८८ मध्ये गेले. गाडी माझ्याकडे आली आणि पुढच्या काही पावसाळ्यांत काचेचे रबर फाटून पाणी आत झिरपू लागले. लोकर टिकली, पण शिवणीचा दोरा कुजला. १९९४ मध्ये छताला पोट सुटले आणि ते मागच्या काचेतून दिसू लागले. तेव्हा मी जे केले ते सांगायला अजून संकोच वाटतो. मी गाडी शहरातल्या एका दुकानात नेली. दुकानदार म्हणाला, हे कमानींचे लचांड काढून टाका, पत्र्यालाच फोमचे कापड चिकटवून देतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा. मला ते फार पटले. संध्याकाळी गाडी आली, छत नव्या कोऱ्या पेटीसारखे गुळगुळीत. जुन्या कापडाचे बोचके आणि कमानींचा जुडगा दुकानदाराने मागच्या बैठकीवर टाकून दिला होता. मी दोन्ही घरी आणून अंगणात टाकले.

दोन उन्हाळे ते छत टिकले. माळव्याच्या रात्रींची कीर्ती मोठी आहे, पण मे महिन्यातली दुपार इतर कुठल्याही मुलुखासारखीच असते, आणि बंद गाडीचा पत्रा त्या दुपारी हात लावू देत नाही. त्या तापात फोमचा भुगा होतो. कापड शाबूत राहते, पत्र्यावरचे सोल्यूशनही राहते. मधला फोम तेवढा पिवळी पूड होऊन दोघांचे नाते तोडतो. १९९६ च्या मे महिन्यात उज्जैनच्या वाटेवर ते सगळे छत मागे बसलेल्या मावशीच्या डोक्यावर आले. तिला वाटले, वारा आला. केसांतली पिवळी पूड पाहून ती जे बोलली ते इथे लिहिण्यासारखे नाही. त्यानंतर गाडी नुसत्या पत्र्याखाली चालली, आणि चालली म्हणजे काय, उन्हाळ्यात भट्टी आणि पावसात ताशा. मग एक दिवस तिची चाके काढून तिला दगडांवर ठेवली.

निवृत्त झाल्यावर मी पुन्हा तिच्याकडे वळलो. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील गाड्यांच्या नोंदणीचे वेगळे नियम काढले. त्यात सांगाडा, चासी आणि इंजिन मूळचे असावे, मोठा फेरफार नसावा, अशी अट आहे. आमच्या गाडीत ते तिन्ही मूळचे होते. छताबद्दल सरकार काही विचारत नाही. भाचा म्हणाला, मामा, इंग्लंडात मायनरचे शिवलेले छत आजही विकत मिळते, मागवून टाकू. त्याचे म्हणणे खोटे नव्हते आणि शहाणपणाचेही होते. पण एकदा झटपट काम करून मी हात पोळून घेतले होते, आणि आता उलट्या बाजूचा हट्ट धरून बसलो होतो की हे काम इथेच, हाताने, पहिल्यासारखे व्हायचे.

छावणीच्या बाजूला एका बोळात टांग्यांची, पुढे जीपगाड्यांची आणि आता ऑटोरिक्षांची हुडे शिवणारे एक वयस्क कारागीर आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणू लागलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, शस्त्रक्रियेची तारीख लागलेली. गाडीत शिरून त्यांनी पत्र्यावर बोटे फिरवली, कमानींची भोके चाचपली आणि म्हणाले, "पुराना कपड़ा ले आओ साहब, नया मैं काट दूँगा."

जुने कापड हाच या कामाचा नकाशा असतो हे मला तेव्हा कळले. छत एका तुकड्याचे नसते. आडवे पाट जोडून झालेले असते आणि प्रत्येक जोडावर नेफा. प्रत्येक पाटाची रुंदी निराळी, काठाची वळणे निराळी. नेफा बोटभर पुढेमागे झाला की कमान आपल्या भोकाशी भांडते आणि कापडाला वळ्या पडतात. म्हणून जाणता कारागीर जुने छत फाडून काढत नाही. कमानींना खुणा करतो, शिवण उसवून पाट सुटे करतो आणि त्यांच्यावर नवे कापड बेततो. मी सांगितले, जुने कापड अठ्ठावीस वर्षांपूर्वीच गेले. चाचा काही बोलले नाहीत. चष्मा पुसला आणि रिक्षाच्या हुडाकडे वळले.

रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवले की ते गेले नव्हते. आमच्या आईने चिंधी म्हणून कधी टाकली नाही. अंगणातले ते बोचके तिने धुतले, उन्हात वाळवले आणि त्यातल्या मधल्या तीन पाटांची ताईच्या तानपुऱ्याला गवसणी शिवली. तिच्या हाताने, सुईने. मशीनवर लोकर सरकते म्हणे. ताई माझी थोरली बहीण, रामबागेत राहते, ऐंशी ओलांडली आहे. जाहीर गाणे तिने केव्हाच सोडले, पण पहाटे तानपुरा जुळवल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नाही. आई २००९ मध्ये गेली. गवसणी अजून रोज निघते आणि रोज चढते.

सकाळीच गेलो. "ताई, गवसणी दोन दिवस देशील का?"

"कशाला रे?"

सांगितले.

"म्हणजे उसवणार?"

"थोडीशी. पुन्हा शिवून देईन."

"मग नाही," ताई म्हणाली. "आईचे टाके आहेत ते. तिच्या हातचे आता घरात दुसरे काय उरले आहे? लोणच्याची बरणी, तीसुद्धा रिकामी."

यावर बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. चहा घेऊन उठलो तेव्हा ती म्हणाली, "त्या चाचांना इथे घेऊन ये. बघायचे तर बघू देत. कात्री लावायची नाही."

चाचा आले. दाराशी चपला काढल्या, हात धुतले आणि सतरंजीवर बसले. तानपुऱ्याला त्यांनी हात लावला नाही. ताईने स्वतः गवसणी काढली आणि त्यांच्या विनंतीवरून उलटी केली. मग जे दिसले ते मी इतकी वर्षे त्या घरात ये-जा करूनही कधी पाहिले नव्हते. तोंडाशी जिथे गवसणीची नाडी होती, तो आईने शिवलेला नेफा नव्हताच. तो गाडीचाच होता. कमान काढून तिने त्यात नाडी ओवली होती! दुसरा जोडही तिने मोडला नव्हता. त्याचा नेफा भोपळ्याच्या पोटावर आडवा रिकामा होता.

चाचांनी अंगठ्याने तो नेफा या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपला आणि हसले. नेफा कापडाच्या काठापर्यंत जात नव्हता. चार बोटे अलीकडेच थांबला होता. हेच त्यांना पाहायचे होते. नेफा काठापर्यंत नेला तर कापड कमानीला जखडून राहते, काठाशी ओढताच येत नाही, आणि दरवाजाच्या वर मोराच्या पिसाऱ्यासारख्या वळ्या पडतात. किती अलीकडे थांबायचे हे गाडीगणिक निराळे, ते पाहूनच कळते. काठावर जुन्या सोल्यूशनची तपकिरी रेघ होती. कापड किती आत दुमडले होते ते तिने सांगितले. आणि एका बाजूला तो डाग होता. धुऊनही पुरता गेला नव्हता.

"ये क्या, तेल?" चाचांनी विचारले.

"आमच्या वडिलांची टोपी," ताई म्हणाली.

चाचांनी मान हलवली. डाग म्हणजे उजवी बाजू, चालकाची. डागापासूनचा जवळचा जोड तो पुढचा. एवढ्यावरून तिन्ही पाटांचे पुढे-मागे आणि डावे-उजवे लागले. त्यांनी खाली खाकी कागद पसरला आणि आईच्या टाक्यांच्या कडेकडेने नखाने दाबत जुनी रेषा कागदावर उतरवली. एका बाजूची शिवण बंद असल्यामुळे प्रत्येक पाटाचा जेमतेम अर्धा भाग सपाट होत होता. मला काळजी वाटली. चाचा म्हणाले, अर्धा पुरे. कागद मधे दुमडला की दुसरा अर्धा मिळतो. पुढे दुकानात कापताना मात्र त्यांनी दोन्हीकडे दोन-दोन बोटे दाब जास्त सोडला. मी विचारले तेव्हा म्हणाले, ज्या शिंप्याने एकच खांदा मोजला त्याने कापड सोडावेच, कुणाचे दोन खांदे सारखे नसतात. पहिल्या आणि शेवटच्या पाटाचा तर मागमूस नव्हता. ते त्यांनी काच काढून थेट गाडीत कागद लावून बेतले.

कापडासाठी तुकोजीराव क्लॉथ मार्केटमध्ये अर्धा दिवस हिंडलो. इंदूर कापडाचे गाव खरे, पण इथल्या गिरण्यांचा जीव सुतावर होता आणि त्याही गेल्या. हुकूमचंद मिलचा भोंगा १९९१ मध्ये थांबला. चाचांची अट अशी की रेक्झिन नको, पॉलिएस्टर नको. नुसती पातळ लोकर, तिरकी ओढली तर जरा मागे येणारी. दुकानदार सूट कोणाचा म्हणून विचारत आणि मी मोटारीचा म्हटले की दुसरा गठ्ठा सोडण्याचा त्यांचा उत्साह मावळे. शेवटी राखी रंगाचे चार मीटर मिळाले. चाचांनी ते आधी पाण्यात बुडवून सावलीत वाळवले. जे आटायचे ते शिवण्यापूर्वी आटू दे, हा त्यांचा नियम.

कमानी माळ्यावर सुतळीने बांधलेल्या होत्या. मी त्या सांभाळल्या असे म्हणता येणार नाही; आईने मधली काही वर्षे त्यांवर कारल्याचा वेल चढवला होता, म्हणून त्या भंगारात गेल्या नाहीत. दोन वाकल्या होत्या. खुणा कुठल्याच नव्हत्या. दिसायला सगळ्या सारख्या, पण प्रत्येकीचा बाक निराळा, आणि चुकीच्या भोकांत बसवली की एक तर पत्र्याला टेकते किंवा खाली लोंबते. एकेक लावून, काढून, पुन्हा लावून चाचांनी दोन दिवसांत त्यांचा क्रम लावला आणि खडूने आकडे घातले. १९९४ मध्ये खडूचा एक तुकडा असता तर हे दोन दिवस वाचले असते.

मग काचा उतरल्या. छताचे पुढचे आणि मागचे टोक काचेच्या रबराखाली दडलेले असते, त्यामुळे काच काढल्यावाचून गत्यंतर नाही. आमचे रबर लाकडासारखे कडक झाले होते, ते कापूनच काढावे लागले. पत्र्याच्या आतून गंज खरवडला, तांबडा रंग दिला, वर तागाचा नमदा चिकटवला. उन्हाला आणि पावसाच्या ताशाला तो अडवतो. हे सगळे काम कंटाळवाणे आहे, वाचकांना त्यात अधिक ओढत नाही.

कापड चढवण्याचा दिवस मात्र सांगण्यासारखा होता. कमानी ओवलेले ते छत चाचा आणि त्यांचा नातू घेऊन आले तेव्हा ते मासळीच्या सांगाड्यासारखे दिसत होते. मागून सुरुवात करून एकेक कमान भोकांत बसवली. प्रथम सगळ्या लवंडलेल्या असतात. कापड पुढे-मागे ओढू लागले की हळूहळू उभ्या राहतात. प्रत्येक पाटाच्या मध्यावर चाचांनी बारीक कात्रण दिले होते; पुढच्या काचेच्या मधोमध असलेल्या पट्टीपासून मागच्या काचेच्या मध्यापर्यंत एक दोरा ताणला आणि सगळी कात्रणे त्या दोऱ्यावर आणली. या गाडीच्या मध्याची एक गंमत आहे. नमुना तयार झाल्यावर इसिगोनिसला ती फार अरुंद वाटली, म्हणून त्याने ती उभी दोन भागांत कापली आणि मधे चार इंच अंतर सोडले. बॉनेटवर मधोमध जो सपाट पट्टा दिसतो तो त्या चार इंचांचा. चाचांना हे सांगितले. ते म्हणाले, म्हणजे त्यानेही दाब सोडलाच.

आधी मध्यावर पुढे आणि मागे ओढायचे, मग दोन्ही बाजूंना, आणि मध्याकडून कोपऱ्यांकडे सरकायचे. कोपरा शेवटी. ओढलेले कापड धरून ठेवायला ताईच्या गच्चीवरचे कपड्यांचे चिमटे आणले होते. सगळीकडे चिमटे लागून कापड ताठ होईपर्यंत सोल्यूशनचा डबा उघडायचा नाही आणि कात्री हातात घ्यायची नाही. चाचांना बारीक दिसत नव्हते. ते बोटांच्या पाठीने ताण पाहत आणि नखाने टिचकी मारून ऐकत. सैल जागी आवाज बद्द येई. "डावीकडे दोन चिमटे सोड, एक बोट ओढ," असे ते नातवाला सांगत. चार कोपऱ्यांना चार माणसे हवी होती. नातू, गॅरेजचा पोरगा, भाचा आणि मी. दुपार कलल्यावर काठाला आणि कापडाला दोन्हीकडे सोल्यूशन लावले, बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबलो, आणि एकेक चिमटा काढत कापड दाबत गेलो. जास्त लावले तर ते लोकरीतून उजव्या बाजूला फुटते, म्हणून चाचा बोटावर बोट घासून दाखवत, एवढेच. दरवाजाच्या चौकटीवर लोकरी गोट बसला. दिव्याच्या आणि आरशाच्या स्क्रूंची भोके सर्वांत शेवटी, तीही कात्रीने नाही, आरीने टोचून.

राहिलेल्या वळ्या ओल्या फडक्यावरून इस्त्रीच्या वाफेने काढल्या. लोकर वाफेने आवळते हे तिचे मोठे उपकार. सगळ्या गेल्या, मागच्या डाव्या कोपऱ्यात एक राहिली, करंगळीएवढी. मी ती पुन्हा ओढायला निघालो तेव्हा चाचांनी हात धरला. आणखी ओढले तर जोडाची रेषा वाकडी होईल. "इसे रहने दो. मई में देखेंगे."

पैशांची गोष्ट निघाली तेव्हा त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून भाचा चपापला. इंग्लंडातले छत याहून फार महाग पडले नसते. मी दिले. त्यानंतर चाचांचे एका डोळ्याचे ऑपरेशन झाले.

मे महिना आला आणि गेला. एका संध्याकाळी ताईला गाडीतून राजवाड्यापर्यंत नेऊन आणले. तानपुराही बरोबर घेऊ का म्हणून मी विचारले, तर म्हणाली, त्याला कशाला हिंडवायचे. मागच्या बैठकीवर डाव्या बाजूला ती बसली. चाकामागच्या छताकडे, जिथे डाग होता, तिकडे थोडा वेळ पाहत राहिली. मग मान वर करून आपल्या डोक्यावरचा कोपरा पाहिला. वळी निम्मी गेली होती, निम्मी होती.

"हा कोपरा तू धरला होतास ना रे?" ताईने विचारले.